मल्टी-इफेक्ट्सचे प्रीसेट घरी भारी वाजतात, मग स्टेजवर गायब का होतात?

गेल्या गणपतीच्या आधीची गोष्ट. कोल्हापुरात रिंगरोडला एका मंगल कार्यालयात आमचा प्रोग्रॅम होता आणि ग्रुपमध्ये नवीन आलेला एक गिटारवाला पोरगा पहिल्यांदाच आमच्याबरोबर स्टेजवर उभा राहणार होता. राजारामपुरीतला, हात एकदम तयार, रोज तीन-तीन तास वाजवणारा, नुकताच मल्टी-इफेक्ट्स प्रोसेसर, म्हणजे गिटारच्या आवाजावर इफेक्ट चढवणारं मशीन, घेतलेला. साऊंडचेकला कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोलक, बेस सगळे एकदम सुरू झाले, त्याच्या सोलोचा तुकडा आला, त्यानं पायानं लीडचा, म्हणजे सोलोचा, पॅच (प्रीसेटलाच पॅच म्हणतात) दाबला आणि गिटार गायब. म्हणजे बंद नाही पडली, बोटं पळताना दिसतायत, प्रोसेसरची लाईट लागलीय, पण कानाला काही लागतच नाही, नुसता मागं कुठंतरी सूं सूं आवाज. मिक्सरवर बसलेल्या काकांनी फेडर (आवाजाची सरकती पट्टी) वर ढकलला तर गिटारच्या आधी शिट्टीच आली. पोरगं घामाघूम. "दादा, घरात ह्योच पॅच कसला भारी वाजतोय, शपथ!"

आणि तो खरंच बोलत होता. घरी तो पॅच भारीच वाजत असणार. हा प्रकार मी इतक्या पोरांच्या बाबतीत बघितलाय की एकदा नीट बसून सगळं लिहावं असं वाटलं, कारण बरीच पोरं ह्यावरून स्वतःच्या हातावर शंका घ्यायला लागतात, नाहीतर मशीन विकून दुसरं घेतात, आणि दुसऱ्या मशीनवर पुन्हा तेच होतं.

आधी प्रीसेट म्हणजे काय ते बघू, कारण गोंधळ इथंच आहे. आपल्याकडं ऑर्केस्ट्रात वाढलेल्या माणसाला 'टोन' म्हटलं की कीबोर्ड आठवतो. कीबोर्डवर बासरीचा नंबर दाबला की बासरीच वाजणार, पट्टी मी दाबली काय आणि माझ्या पुतण्यानं दाबली काय, कारण तो आवाज कीबोर्डच्या पोटातच भरलेला असतो. गिटार प्रोसेसरमध्ये तसा आवाज भरलेला नसतोच. तुमच्या गिटारमधून जे येतं ते आत गेल्यावर त्याचे आकडे होतात, ते आकडे एकामागोमाग एक लावलेल्या डब्यांतून जातात (वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राईव्ह, ॲम्प, स्पीकरचा बॉक्स, कोरस, डिले म्हणजे प्रतिध्वनी, रिव्हर्ब म्हणजे खोलीचा घुमारा, असे डबे), आणि शेवटी आकड्यांचा परत आवाज होऊन बाहेर येतो. प्रीसेट म्हणजे ह्यातले कुठले डबे चालू, कुठल्या क्रमानं, आणि प्रत्येक डब्यावरचा प्रत्येक नॉब कुठं ठेवलाय, एवढंच, एका नावाखाली सेव्ह केलेलं. आवाज तुम्ही आणायचा असतो. त्यामुळं आत काय येतंय आणि बाहेर कशाला जोडलंय ह्यावर तोच प्रीसेट अगदी वेगळा वाजू शकतो.

मिरज आपल्यापासून किती लांब, तासाभराचा रस्ता, तिथून तानपुरा आणणाऱ्या कुणालाही विचारा. जवारी केलेला (घोडी घासून आवाज खुलवलेला), एकदम सुरेख तानपुरा घरी आणला तरी गायक आपल्या पट्टीला तारा लावतो आणि मग घोडीवर तारेखाली असलेला दोरा बोटानं पुढंमागं सरकवत बसतो, तेव्हा कुठं तार बोलते. बनवणाऱ्यानं काम चुकीचं केलेलं नसतं, त्याच्याकडं फक्त तुमची पट्टी नव्हती. प्रीसेटचं अगदी असंच आहे, दोरा तुम्हालाच सरकवायचाय.

आता फॅक्टरीचा प्रीसेट कसा बनतो ते डोळ्यासमोर आणा. कंपनीत एक चांगला वाजवणारा माणूस बसतो, त्याच्याकडं त्याची गिटार असते, शांत खोली असते, चांगले हेडफोन नाहीतर स्टुडिओचे स्पीकर असतात, डावा-उजवा दोन्ही चालू, आणि तो एकटाच वाजवत असतो. ढोलक नाही, कीबोर्ड नाही, टाळ्या नाहीत. शिवाय त्याला माहीत असतं की गिऱ्हाईक दुकानात उभं राहून पहिल्या दहा सेकंदांत ठरवणार. मग तो काय करणार, रिव्हर्ब भरपूर, डिले भरपूर, बेस आणि ट्रेबल (खालचे आणि वरचे स्वर) वर, मिड (मधले) खाली, म्हणजे एकट्या गिटारनं अख्खी खोली भरली पाहिजे. दुकानासाठी ते बरोबरच आहे. माझं मत विचाराल तर फॅक्टरी प्रीसेट ही जाहिरात समजून ऐकावी आणि सुरुवात म्हणून वापरावी, पण ते वाईट असतात असं म्हणून सगळे पुसून टाकणाऱ्यांशीही मी सहमत नाही, कारण कुठला डबा कुठल्यानंतर लावायचा हे शिकायला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. एखादा आवडलेला प्रीसेट उघडायचा आणि एकेक डबा बंद करून ऐकायचा. डिले बंद केला, काय गेलं? कोरस बंद केला, काय गेलं? एका संध्याकाळी एकच प्रीसेट असा उघडून बघितला तरी महिनाभराचे व्हिडिओ बघण्यापेक्षा जास्त कळतं.

नावांचंही जरा सांगतो, कारण ती सरळ लिहिलेली नसतात. दुसऱ्या कंपनीच्या ॲम्पचं नाव थेट छापता येत नाही म्हणून आडून आडून लिहितात. 'ब्रिट' किंवा 'प्लेक्सी' दिसलं की मार्शलसारखा ब्रिटिश ॲम्प, जुन्या मार्शलच्या पुढच्या पट्टीला प्लेक्सिग्लास असायची त्यावरून ते नाव. 'ट्वीड' म्हणजे १९५० च्या दशकातले फेंडरचे ॲम्प, त्यांच्यावर ट्वीडसारखं कापड चढवलेलं असायचं. 'टॉप बूस्ट' दिसलं की व्हॉक्सचा एसी-३०. 'जेसी' म्हणजे रोलँडचा जॅझ कोरस, १९७५ चा, अगदी स्वच्छ आवाजाचा. 'रेक्टो' असं काही असलं तर मेसा बूगीचा जोरदार मेटलवाला. आणि 'स्क्रीम' कुठं दिसलं तर ती आयबानीझच्या हिरव्या ट्यूब स्क्रीमर पेडलची नक्कल, जी मिड वर आणते. हे एवढं कळलं तरी दोनशे पॅच एकेक दाबत बसावं लागत नाही. ऑर्केस्ट्रात हिंदी-मराठी गाणी वाजवणाऱ्याला माझ्या मते जेसी किंवा ट्वीड क्लीनला (न फाटलेल्या आवाजाला) आणि ब्रिट लीडला, ह्यात जवळजवळ सगळं होतं.

आता दुरुस्तीकडं. ह्याचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक जण उलटीकडून सुरू करतात, म्हणजे आधी गेन (आवाज फाटवणारा जोर) आणि ट्रेबल फिरवत बसतात. सुरुवात मशीनच्या शेवटच्या टोकापासून करायची: तुम्ही बाहेर कशाला जोडलंय?

गिटारच्या ॲम्पमधला १२ इंची स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वर फारसं काही वाजवतच नाही, तिथून आवाज झपकन उतरतो. डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज, आपल्याला गोड लागतं ते ह्याच कारणानं, वरची सगळी करकर स्पीकर स्वतःच गाळून टाकतो. मंडपातले पीएचे (लोकांना ऐकवणारे मोठे) स्पीकर मात्र ट्विटरवाले, म्हणजे वरच्या स्वरांचा वेगळा छोटा स्पीकर असलेले, ते वरपर्यंत सगळं ऐकवतात. म्हणून मिक्सरला किंवा हेडफोनला जोडताना प्रोसेसरमधला स्पीकर बॉक्सचा डबा, ज्याला कॅब किंवा आयआर म्हणतात, तो चालू पाहिजे, नाहीतर डिस्टॉर्शन असं वाजतं जसं काचेच्या बरणीत माशी कोंडलीय. ह्याच्या उलट, खऱ्या गिटार ॲम्पच्या पुढच्या इनपुटला जोडलं आणि कॅबही चालू राहिलं, की एका स्पीकरवर दुसरा स्पीकर चढतो आणि आवाज रजईखालून आल्यासारखा दबतो. बऱ्याच मशीनमध्ये सिस्टीमच्या सेटिंगमध्ये आऊटपुट काय आहे ते एकदाच निवडायचं असतं, लाईन किंवा हेडफोन की ॲम्प, आणि तेवढी एक निवड चुकलेली असली तर मशीनमधले सगळेच्या सगळे पॅच वाईट वाजतात. मी अशी माणसं बघितलीत ज्यांनी वर्षभर पॅच बदलले आणि हे एक सेटिंग कधी उघडलंच नाही.

त्याच्याच शेजारची गोष्ट म्हणजे जॅक. मागं दोन आऊटपुट असतात, एकावर 'एल' आणि 'मोनो' असं लिहिलेलं असतं. आपल्याकडच्या प्रोग्रॅममध्ये गिटारला मिक्सरवर एकच चॅनेल मिळतो, म्हणून एकच केबल आणि ती ह्या मोनोवाल्या जॅकलाच. उजव्या जॅकला लावली तर डिलेचे अर्धे ठोके डाव्या बाजूलाच राहून जातात, कारण फॅक्टरीचे कितीतरी पॅच डावी-उजवी असे ठोके टाकणारे असतात. घरी हेडफोनवर ते गोल फिरल्यासारखं छान वाटतं, मोनोत त्यातलं बरंच जातं. म्हणून स्टेजसाठीचा पॅच घरी बनवतानाही मोनोतच बनवायचा.

स्टेजपासून मिक्सर लांब असला, वीस-पंचवीस मीटर, तर साध्या केबलनं हम्म असा घुमणारा आवाज पकडतो, त्याला डीआय बॉक्स (लांबच्या केबलसाठी सिग्नल तयार करून देणारा छोटा डबा) मधे लावायचा. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं छोटं बटण असतं, हम्म येत असला तर आधी ते दाबून बघा.

आता दुसरं टोक, गिटार. तारांखाली आवाज पकडणारा पिकअप असतो, एका वेटोळ्याचा तो सिंगल कॉइल, दोन वेटोळ्यांचा तो हंबकर. सिंगल कॉइलची गिटार पातळ, चकचकीत आणि जरा हळू, हंबकरची जाड आणि जोरात. प्रीसेट बनवणाऱ्यानं हंबकरवर बनवला असला आणि तुमच्याकडं सिंगल कॉइल असलं, तर तोच गेन तुम्हाला कमी आणि ट्रेबल जास्त वाटणार. उलट असलं तर तुमचा क्लीन पॅचसुद्धा कडकड फाटणार. मशीनला इनपुट लेव्हलचं सेटिंग असलं तर क्लीन पॅच लावून, सगळ्यात जोरात सहा तारा एकदम मारून, फाटणार नाही इतकी लेव्हल ठेवायची आणि मग तिला हात लावायचा नाही. पिकअपवाली अकॉस्टिक असली तर डिस्टॉर्शनचे पॅच विसरा, पोकळ खोक्याला एवढा गेन दिला की ती शिट्टी मारणारच. तिला कॉम्प्रेसर थोडा, रिव्हर्ब थोडा, गिटार ॲम्पचा डबा बंद, बस्स.

आणि आता त्या दिवशी स्टेजवर नेमकं काय झालं ते. मी त्याच्या शेजारी खाली बसलो, त्याचा लीडचा पॅच स्क्रीनवर उघडला. फॅक्टरीचाच, नाव भारदस्त. बेस ७०, मिड २०, ट्रेबल ७५, गेन ९०, आणि मागं मोठा हॉल रिव्हर्ब ६० वर. मी त्याला विचारलं, कीबोर्डवाल्याचा डावा हात कुठं वाजतोय? खाली. बेस गिटार? खाली. ढोलकचा घुमा? खाली. ऑक्टोपॅडची झांज, शेकर? वर. म्हणजे खालची जागा भरलेली, वरची जागा भरलेली, आणि गिटारला जी मधली जागा मोकळी होती, साधारण ५०० ते २००० हर्ट्झची, तीच ह्या पॅचनं स्वतःच्या हातानं कापून टाकलेली. घरी एकट्यानं वाजवताना हा आवाज भरदार लागतो कारण खालचं आणि वरचं दोन्ही गिटारच भरतेय. बँडमध्ये त्या दोन्ही जागी दुसरी माणसं बसलेली आहेत.

मग आम्ही मिड २० वरून ६० ला आणला. बेस ७० वरून ४० ला. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजली तर ८२ हर्ट्झवर वाजते, त्याच्याखाली गिटारचं काहीच नसतं, नुसती पायाची धडधड आणि हात घासल्याचा आवाज असतो, म्हणून ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं. गेन ९० वरून ४५. इथं तो दचकला, "दादा, सस्टेनच जाईल की!" स्वर लांबणं गेलं थोडं, पण गेन जास्त असला की आवाजातली चढउतार सपाट होते, प्रत्येक स्वराची सुरुवातीची टोचच मरते, आणि गर्दीत कान त्या टोचेवरूनच स्वर ओळखतो. रिव्हर्ब ६० वरून १०. वर पत्रा, खाली फरशी, चारी बाजूला उघड्या भिंती, त्या कार्यालयाचा स्वतःचाच रिव्हर्ब इतका होता की टाळी वाजवली तर ती दोन सेकंद फिरायची, त्यात मशीनचा हॉल कशाला घालायचा.

काकांना म्हटलं, फेडर होता तिथंच परत आणा. सगळ्यांनी परत तोच तुकडा वाजवला आणि गिटार पुढं आली. मिक्सरवर काही वाढवलं नव्हतं. काकांनी तिकडून नुसता अंगठा दाखवला. गंमत म्हणजे नंतर सगळे थांबल्यावर त्यानं तोच पॅच एकट्यानं वाजवला तर त्याला तो नाकात बोलल्यासारखा, अगदी साधा वाटला. हे लक्षात ठेवा, एकट्यानं थोडा नकटा वाटणारा आवाज बँडमध्ये बरोबर बसतो. म्हणून पॅच बनवताना मोबाईलवर गाण्याचा ट्रॅक लावून त्याच्यावर वाजवूनच नॉब फिरवायचे, एकट्यानं कधीच नाही.

आवाजाच्या जोराचंही एक शास्त्र आहे. फ्लेचर आणि मन्सन ह्या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये माणसाचा कान मोजून दाखवलं की हळू आवाजात आपल्याला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात, मधले जास्त, आणि आवाज वाढवला की खालचं-वरचं भरून येतं. रात्री दहा वाजता, घरचे झोपलेत, शेजाऱ्यांचा विचार करून हळू आवाजात पॅच बनवला की तुमचा कान बेस-ट्रेबल कमी पडतोय म्हणतो आणि तुम्ही ते वाढवता. तोच पॅच मंडपात दहापट जोरात वाजला की खाली घुं घुं आणि वर कर्र कर्र. त्यात तुमची चूक काहीच नाही, कान तसाच बनलाय. त्यामुळं आठवड्यातून एकदा तरी दुपारच्या वेळी, प्रॅक्टिस हॉलवर, प्रोग्रॅमच्या जवळपास आवाजात पॅच ऐकायचे आणि तिथंच शेवटचे नॉब ठेवायचे. काही मशीनला ग्लोबल इक्यू असतो, म्हणजे बेस-मिड-ट्रेबलचा असा डबा जो एकदा फिरवला की सगळ्या पॅचना लागू. हॉल बदलला की फक्त तो फिरवायचा, पॅचना हात लावायचा नाही. ऐनवेळी स्टेजवर पॅचच्या आत शिरून एडिट करायला लागलात की गोंधळ झालाच समजा.

पॅचपॅचमधली लेव्हल ही तर सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट. क्लीनवरून डिस्टॉर्शनवर गेलं की एकदम धाडकन आवाज वाढतो, किंवा लीड दाबली की उलट कमी होतो, आणि मिक्सरवरचा माणूस बिचारा फेडर वरखाली करत बसतो. प्रत्येक पॅचला स्वतःचा एक व्हॉल्यूम असतो, ॲम्पवरचा नाही, सगळ्यात शेवटचा, पॅच लेव्हल नावाचा. आधी तुमचा क्लीन रिदम पॅच ठरवा, तो तुमचा शून्य. मग दुसरा पॅच लावून तोच कॉर्ड तसाच वाजवायचा आणि कानाला सारखा लागेपर्यंत पॅच लेव्हल फिरवायची. मीटर बघू नका. क्लीन आवाज मीटरवर टोकदार उडी मारतो, डिस्टॉर्शनचा सपाट राहतो, त्यामुळं मीटरवर दोन्ही सारखे केले तर कानाला डिस्टॉर्शनच मोठं लागणार. लीडला मात्र मुद्दाम साधारण ३ डेसिबल जास्त द्यायचं. तेवढ्यात आवाज पुढं येतो, आणि मिक्सरवाला दचकत नाही.

नॉइज गेट बऱ्याच पॅचमध्ये असतो, वाजवत नसताना सूं सूं बंद करणारा दरवाजा. त्याची पातळी इतकीच वाढवायची की तारांवर हात ठेवल्यावर शांत होईल, पण लांब ओढलेला स्वर शेवटी कापला जाणार नाही. मेटलच्या फॅक्टरी पॅचमध्ये हा खूप वर असतो, त्याच पॅचवर संथ मुखडा वाजवला तर प्रत्येक स्वराचं शेपूट तुटतं. मंडपात लाईटिंगच्या माळा आणि डिमर जवळ असले तर सिंगल कॉइलवाल्यांनी आधी जरा वळून उभं राहून बघावं, गिटारचं तोंड फिरवलं की निम्मी हम्म कमी होते.

डिलेचं गणित सोपं आहे आणि ते आलं पाहिजे, कारण प्रीसेटमध्ये डिलेचा जो वेळ दिलेला असतो तो त्यांच्या गाण्याचा असतो, तुमच्या नाही. घड्याळ लावून १५ सेकंदांत गाण्याचे किती ठोके पडतात ते मोजा, त्याला ४ नं गुणा, झाला बीपीएम, म्हणजे मिनिटाचे ठोके. ६०,००० भागिले बीपीएम केलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. गाणं १२० चं असलं तर ५०० मिलिसेकंद. त्याचा पाऊण केला, ३७५, की तो ठोक्यांच्या मधे मधे पडणारा, पळणारा डिले मिळतो. गाणं १०० चं असलं तर ६०० आणि ४५०. टॅपचं बटण असलं तर पायानं दोन-तीनदा ठोक्याला दाबायचं, मशीन स्वतःच मोजतं. ठोक्यात न बसलेला डिले असला की ऐकणाऱ्याला गिटारवाला लयीतून सुटलाय असं वाटतं, आणि वाजवणारा मात्र बरोबर वाजवत असतो. त्यापेक्षा डिले बंद केलेला चांगला.

पॅच बदलताना बऱ्याच मशीनमध्ये क्षणभर आवाज तुटतो आणि आधीच्या डिलेचं शेपूट कापलं जातं. त्याला दोन उपाय. एक, समेच्या जरा आधी, जिथं गिटारला विश्रांती आहे तिथं पाय टाकायचा. दुसरा आणि मला जास्त आवडणारा, पॅच बदलायचाच नाही. एकाच पॅचमध्ये क्रंचचा (जरासा फाटलेला) आवाज ठेवायचा, गिटारवरचा व्हॉल्यूम ६ वर आणला की तो जवळजवळ क्लीन होतो, १० वर नेला की क्रंच, आणि कंट्रोलच्या स्विचला एक ओव्हरड्राईव्ह लावून ठेवला की लीड. एका पॅचमध्ये तीन आवाज, आणि मधे कुठंही तुटत नाही. आमच्या त्या पोराला हे जमायला आठ दिवस लागले, पण आता तो स्क्रीनकडं बघत नाही, गायकाकडं बघतो.

एवढं करूनही एखाद्या दिवशी आवाजच येणार नाही. घाबरून केबली उपटायच्या आधी दोन गोष्टी बघा. एक, पायाखालचं एक्स्प्रेशन पेडल. पॅच व्हॉल्यूम पेडलवाला असला आणि पेडल टाचेकडं दाबलेलं असलं तर आवाज शून्य, सगळं ठीक असूनही. दुसरं, ट्यूनर. बऱ्याच मशीनवर दोन्ही स्विच एकदम दाबले की ट्यूनर लागतो आणि आवाज बंद होतो, घाईत पाय पडला की झालंच. मी स्वतः एकदा भर प्रोग्रॅममध्ये अर्धं गाणं केबल बदलण्यात घालवलंय आणि पेडल टाचेवर होतं.

सेव्ह करायचं विसरू नका, हे मी ओरडून सांगतो. नॉब फिरवून आवाज छान बसवला आणि सेव्ह न करता दुसऱ्या पॅचवर गेलात की केलेलं सगळं गेलं. काही मशीनमध्ये फॅक्टरीचे आणि तुमचे असे वेगळे कप्पे असतात, उदाहरणार्थ बॉसच्या जीटी-१ मध्ये ९९ प्रीसेट आणि ९९ युजर, त्यात फॅक्टरीचे पुसले जात नाहीत, बदललेला पॅच युजरच्या कप्प्यात सेव्ह होतो. काहींमध्ये मात्र त्याच जागेवर सेव्ह होतं आणि मूळचा जातो, त्यामुळं आधी रिकाम्या जागी कॉपी करा, मग खेळा. लागणारे चार पॅच शेजारी शेजारी ठेवा, गाण्यांच्या क्रमानं, म्हणजे एका पायरीवर पाय टाकला की पुढचा. २० नंबरवरून ७३ वर चालू गाण्यात कुणी जाऊ शकत नाही.

नेटवरून उतरवलेल्या पॅचनाही वरचं सगळं जसंच्या तसं लागू आहे. एका मॉडेलची फाईल सहसा दुसऱ्या मॉडेलला चालत नाही, आणि चालली तरी त्या फाईलमध्ये त्या माणसाची गिटार आणि त्याची बोटं येत नाहीत. उतरवायचा, लगेच आऊटपुट, मिड, गेन, रिव्हर्ब, लेव्हल ह्या क्रमानं तपासायचा, मगच आवडला की नाही ते ठरवायचं.

अडॅप्टर दुसऱ्याचा लावू नका. गिटारचे बहुतेक प्रोसेसर ९ व्होल्टचे, मधली पिन निगेटिव्ह असलेले. कीबोर्डचा अडॅप्टर पिनेत बसतो म्हणून कितीतरी जण लावतात, पण तो कित्येकदा १२ व्होल्टचा आणि मधली पिन पॉझिटिव्ह असतो, मशीन जळू शकतं. अडॅप्टरवर आणि मशीनच्या मागं छापलेलं छोटं चित्र जुळवून बघा. जनरेटरवरच्या प्रोग्रॅमला, मशीन सेलवर चालत असलं तर पेन्सिल सेलचा नवा सेट बॅगेत ठेवा आणि सेलवरच वाजवा, जनरेटर बदलताना दोन सेकंद लाईट गेली की अडॅप्टरवरचं मशीन बंद होऊन काही वेळा पहिल्या पॅचवर जातं आणि तुम्ही मधल्या गाण्यात असता.

आणि बॅकअप. यूएसबीनं कॉम्प्युटरला जोडून कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून सगळे पॅच एका फाईलमध्ये घेता येतात, पाच मिनिटांचं काम. ती फाईल व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवली तरी चालतंय, आणि घरी कॉम्प्युटर नसला तर निदान चारी पॅचच्या स्क्रीनचे एकेक करून फोटो काढून ठेवा, मिड किती, गेन किती, लेव्हल किती, सगळं दिसेल असे.